अपुऱ्या दिवसांचें मूल : त्याची कावीळ आणि त्याचे कान

माझ्या वर्गांत एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसे. कोणाच्या अध्यांतमध्यांत नसे. "कृष्णा नदी कोठें उगम पावते?" असा प्रश्न केला, तर तो क्षणभर माझ्या तोंडाकडे पाही आणि मुकाट्यानें आपली वही पुढें करी. वर्ग हंसे. ‘नदी’ हा शब्द त्याला ‘वही’ असा ऐकूं आला असेल, ही शंकासुद्धां मला कधीं शिवली नाहीं. मागून हांक मारली कीं तो मान वळवी. रस्त्यावर मोटार वाजली कीं दचके. ज्याला मोटारीचा आवाज ऐकूं येतो तो बहिरा कसा? मीं त्याला बेफिकीर ठरविलें आणि पुष्कळ वेळां वर्गाबाहेर उभें केलें.

तो दहावींत गेल्यावर त्याच्या श्रवणाची रीतसर परीक्षा झाली. त्याला आवाज ऐकूं येत होता, पण शब्द ऐकूं येत नव्हते, असें तेव्हां उघडकीस आलें. त्या वेळीं त्याच्या आईनें सांगितलेली हकीकत मी विसरलों नाहीं. मुलगा सातव्या महिन्यांत जन्मलेला. चौथ्या दिवशीं त्याला जबर कावीळ झाली आणि अंगांतलें रक्त बदलून डॉक्टरांनीं त्याला वांचविलें. "वांचला म्हणून देवापुढें साखर ठेवली हो मास्तर, कानांचें कोणाच्या मनांतसुद्धां आलें नाहीं," असें त्या माउली म्हणाल्या.

कावीळ अंगाची आणि बाधा कानांची, हा संबंध मला त्या दिवशीं चमत्कारिक वाटला. मी वैद्य नव्हें. परंतु आपल्या अज्ञानानें एका निरपराध मुलाला शिक्षा झाली, ही टोंचणी लागल्यामुळें मीं त्या विषयावरचें वाचन केलें आणि जाणत्यांस विचारलें. त्यांतून जें समजलें, तें ज्या घरांत अपुऱ्या दिवसांचें मूल आलें आहे किंवा येण्याचा संभव आहे, त्या घरांतील वडील मंडळींपुढें ठेवीत आहें.

गर्भाचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मलें, तें अपुऱ्या दिवसांचें मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं जगांत अशीं सुमारें १ कोटी ३४ लक्ष मुलें जन्मलीं आणि त्यांपैकीं सुमारें ३० लक्ष एकट्या हिंदुस्थानांत. म्हणजे हा विषय एखाद्या घरापुरता नाहीं. सातमाशी मूल जगतें, पण आठमाशी जगत नाहीं, अशी एक समजूत आपल्याकडील वृद्ध स्त्रियांत आहे. ती खरी नव्हे. गर्भाशयांत काढलेला प्रत्येक अधिक आठवडा मुलाला बळ देतो. आठव्या महिन्याचें मूल सातव्या महिन्याच्या मुलापेक्षां सुदृढच असतें. ही समजूत बाळगून आठमाशी मुलाच्या शुश्रूषेंत हयगय करणें, यासारखा अन्याय नाहीं.

आतां काविळीकडे वळूं. आपल्या प्राचीन वैद्यकांत तिला ‘कामला’ म्हटलें आहे आणि चरकसंहितेंत पांडुरोगाच्या प्रकरणांतच तिचा विचार केलेला आहे. रक्ताशीं या विकाराचा संबंध आहे, ही जाणीव जुनीच आहे. हल्लीचें शास्त्र ती अधिक स्पष्ट करून सांगतें. रक्तांतील तांबड्या पेशी मोठ्या माणसाच्या शरीरांत सुमारें १२० दिवस जगतात. नवजात बालकाच्या त्याहून कमी, आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या आणखी कमी. पेशी मोडली म्हणजे तिच्यांतील रक्तरंगापासून ‘बिलिरुबिन’ नांवाचें पिवळें द्रव्य बनतें. तें पाण्यांत विरघळत नाहीं, चरबींत विरघळतें. म्हणून लघवीवाटें निघून जाऊं शकत नाहीं. रक्तांतील अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन त्याला आपल्या पाठीवर घेऊन यकृताकडे पोंचवितें. यकृत त्यावर संस्कार करून तें पाण्यांत विरघळेल असें करतें, आणि मग तें पित्ताबरोबर आंतड्यांत उतरून शीवाटें बाहेर पडतें.

ही सारी व्यवस्था पुऱ्या दिवसांच्या मुलांतहि पहिले कांहीं दिवस कच्चीच असते. म्हणून पुऱ्या दिवसांच्या शंभर मुलांपैकीं सुमारें ६० मुलें पहिल्या आठवड्यांत कमीअधिक पिवळीं दिसतात. अपुऱ्या दिवसांच्या शंभरांत सुमारें ८०. बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते. मग चिंता कशाची? चिंता अशी, कीं अपुऱ्या दिवसांच्या मुलांत पेशी लवकर मोडतात, यकृत अधिक अपक्व असतें, वाहून नेणारें अल्ब्युमिन कमी असतें, आणि दूध थोडें पोटांत जात असल्यामुळें शीहि उशिरां होते. शीला उशीर झाला, कीं आंतड्यांतील पिवळें द्रव्य पुन्हां रक्तांत शोषलें जातें. त्यामुळें कावीळ अधिक चढते आणि अधिक दिवस टिकते.

ज्या बिलिरुबिनाला अल्ब्युमिनाच्या पाठीवर जागा मिळत नाहीं, तें मोकळें सुटतें. तें चरबींत विरघळणारें असल्यामुळें मेंदूंत शिरूं शकतें. १८७५ सालीं योहानेस ओर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें काविळीनें दगावलेल्या एका अर्भकाचा मेंदू तपासला, तेव्हां त्याचे कांहीं खोलवरचे भाग पिवळे झालेले त्याला आढळले. पुढें १९०४ सालीं गेओर्ग श्मोर्ल यानें या स्थितीला ‘कर्निक्टेरस’ असें नांव दिलें. मेंदूच्या गाभ्यांतील केंद्रांची कावीळ, असा त्याचा अर्थ. हें विष मेंदूंत सर्वत्र सारखें बसत नाहीं. हातापायांच्या हालचालींचें नियमन करणारीं खोल केंद्रें आणि कानांकडून आलेला ध्वनि पुढें पोंचविणारीं मेंदूच्या देठांतील केंद्रें, यांवर त्याचा विशेष रोख असतो. म्हणून कधीं कधीं हातपाय सर्व ठीक असतात, बुद्धि ठीक असते, आणि केवळ श्रवणाचा मार्ग तेवढा बिघडलेला असतो. माझ्या विद्यार्थ्याचें तेंच झालें होतें.

येथें एक दुःखद परंतु बोधप्रद इतिहास सांगितला पाहिजे. न्यूयॉर्क येथें विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांचे सहकारी यांनीं अपुऱ्या दिवसांच्या मुलांस जंतुबाधेपासून वांचविण्याकरितां कोणतीं औषधें चांगलीं, याची तुलना केली. एका गटाला पेनिसिलिन आणि एक सल्फा औषध, दुसऱ्या गटाला दुसरें औषध. १९५६ सालीं त्यांनीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो धक्कादायक होता. सल्फा दिलेलीं मुलें अधिक संख्येनें दगावलीं आणि त्यांच्या मेंदूंत पिवळेपणा अधिक सांपडला. सल्फा औषध अल्ब्युमिनाच्या पाठीवर स्वतः बसतें आणि बिलिरुबिनाला खालीं ढकलतें, हें मागाहून ध्यानांत आलें. कावीळ फारशी चढलेली नसतांनाहि औषधानें विष मोकळें केलें होतें. म्हणून नवजात मुलाला घरांतल्या कपाटांतील कोणतेंहि औषध, मग तें कितीहि ‘साधें’ वाटो, आपल्या मतानें देऊं नये.

याच सुमारास इंग्लंडांत एका परिचारिकेच्या नजरेनें लक्षावधि मुलांचें कल्याण केलें. एसेक्स परगण्यांतील रॉचफर्ड येथील रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा विभाग सिस्टर वॉर्ड पाहत असत. उबदार दिवशीं मुलांस अंगणांत उन्हांत नेण्याची त्यांची रीत होती. १९५६ सालीं एके दिवशीं त्यांनीं डॉक्टरांस एक मूल उघडें करून दाखविलें. सर्वांग फिकट, पण त्वचेचा एक तिकोनी तुकडा मात्र गडद पिवळा! त्या तुकड्यावर चादरीचा कोपरा आलेला होता. पिवळेपणा त्या जागीं वाढला नव्हता. उरलेल्या अंगावरचा उतरला होता. पुढें उन्हांत राहिलेल्या रक्ताच्या एका नळींतहि बिलिरुबिन अपेक्षेहून पुष्कळच कमी भरलें, आणि मग क्रीमर, पेरिमन व रिचर्ड्स यांनीं प्रयोग करून १९५८ सालीं प्रकाशोपचाराची माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेंत जेरोल्ड लुसी यांनीं १९६८ सालीं पद्धतशीर चाचणीनें या उपचाराचा उपयोग दाखविला. निळा प्रकाश त्वचेंतील बिलिरुबिनाची घडण बदलतो आणि यकृताच्या मदतीवांचून तें बाहेर पडूं शकतें. मूल उघडें ठेवून, डोळ्यांवर पट्टी बांधून, निळ्या दिव्याखालीं निजविलेलें पाहून आजीचा जीव कासावीस होतो, हें स्वाभाविक आहे. पण तो दिवा त्या मुलाचा रक्षक आहे. "थोडा वेळ मांडीवर घेऊं द्या" म्हणून वारंवार त्याला प्रकाशाबाहेर काढण्याचा आग्रह धरूं नये. दूध पाजण्यापुरतें काढावें आणि पुन्हां ठेवावें. बिलिरुबिन फारच चढलें, तर मुलाचें रक्त थोडें थोडें काढून तितकेंच नवें भरावें लागतें.

किती बिलिरुबिन झालें म्हणजे उपचार करावयाचा? याचें उत्तर सर्व मुलांस एक नाहीं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनें २०१० सालीं अडतीस आठवड्यांच्या आंत जन्मलेल्या मुलांसाठीं एक सोपें गणित दिलें. जन्मास तीन दिवस झाल्यावर, गर्भाचे जितके आठवडे झाले असतील त्यांस १० नें गुणावें आणि त्यांतून १०० वजा करावे. जो आंकडा येईल त्या पातळीला प्रकाशोपचार सुरू करावा. मापाचें परिमाण दर लिटरास मायक्रोमोल. आपल्याकडे वापरांत असलेल्या मिलिग्रॅमच्या मापांत यावयाचें तर १७·१ नें भागावें. म्हणजे तिसाव्या आठवड्याच्या मुलासाठीं २००, अर्थात् सुमारें ११·७ मिलिग्रॅम. छत्तिसाव्या आठवड्याच्या मुलासाठीं २६०, अर्थात् सुमारें १५·२ मिलिग्रॅम. पहिल्या तीन दिवसांत ही मर्यादा याहूनहि खालीं असते. हें गणित घरीं उपचार ठरविण्यासाठीं सांगितलें नाहीं. तो अधिकार डॉक्टरांचा. ‘शेजारच्या बाळाची कावीळ चौदा होती, त्याला कांहीं झालें नाहीं’ हा युक्तिवाद कसा फसवा आहे, तें यावरून कळावें, एवढाच हेतु.

आतां घरांतल्या मंडळींनीं काय करावें आणि काय टाळावें, तें सांगतों.

बाळंतिणीची खोली आपल्याकडे काळोखी ठेवण्याची चाल आहे. मंद पिवळ्या दिव्यांत पिवळें मूल गोरें दिसतें. रोज दिवसाच्या उजेडांत मुलाला पाहावें. कपाळावर, छातीवर, तळपायावर बोटानें हलकें दाबून सोडावें आणि खालचा रंग पाहावा. तरी डोळ्यांच्या अंदाजावर विसंबूं नये, विशेषतः सांवळ्या मुलांत. रक्ताच्या तपासणीवांचून खरा आंकडा कळत नाहीं. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ नेहमीच रोगाची समजावी. आईचें रक्त आर-एच निगेटिव्ह किंवा ओ गटाचें असेल, तर अधिक सावध राहावें. मूल सुस्त झालें, दूध ओढीनासें झालें, अंग ढिलें पडलें, किंवा उलट पाठ धनुष्यासारखी ताणूं लागलें, तीक्ष्ण स्वरांत रडूं लागलें, तर रात्र आहे, अमावास्या आहे, असला विचार न करतां त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

आईचा पहिला चीक टाकून देऊं नये. त्यानें शी लवकर होते आणि पिवळें द्रव्य बाहेर पडतें. ज्या मुलाला ओढतां येत नाहीं त्याला डॉक्टर सांगतील त्या रीतीनें आईचें दूध काढून द्यावें. साखरपाणी, मध, गुटी यांनीं कावीळ उतरत नाहीं. उलट पोट भरल्यानें दूध कमी जातें आणि कावीळ वाढते. बाळंतिणीनें हळद किंवा पिवळे पदार्थ खाल्ले म्हणून मुलाला कावीळ होत नाहीं. त्या बिचारीची उपासमार करूं नये. कोंवळें ऊन चांगलें, परंतु तें दिव्याच्या उपचाराची जागा घेऊं शकत नाहीं. अपुऱ्या दिवसांचें मूल उघडें ठेवलें तर गारठून जातें. काविळीवर डाग देणें हें तर निव्वळ क्रौर्य आहे.

आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबांत विशेष ध्यानांत ठेवावी. थोरल्या भावंडांचीं झबलीं, दुपटीं, आजीची गोधडी आपण ट्रंकेंत डांबराच्या गोळ्या घालून जपतों आणि नव्या बाळाला प्रेमानें तींच घालतों. कित्येक मुलांच्या, त्यांतहि मुलग्यांच्या, रक्तांत जी-सिक्स-पी-डी नांवाचें एक द्रव्य जन्मतः कमी असतें. डांबराच्या गोळ्यांच्या नुसत्या वासानेंहि अशा मुलाच्या पेशी भराभर मोडतात आणि कावीळ एकाएकीं भयंकर चढते. तीं वस्त्रें बाळाजवळ आणूंच नयेत.

पुऱ्या दिवसांच्या मुलाची कावीळ दोन आठवड्यांपलीकडे, अपुऱ्या दिवसांच्या मुलाची तीन आठवड्यांपलीकडे टिकली, किंवा शी पांढुरकी आणि लघवी गडद होऊं लागली, तर तो पित्तमार्गाचा निराळा रोग असूं शकतो. त्यांत शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आंत झाल्यास यशाची आशा अधिक असते. म्हणून तेथेंहि विलंब घातक.

कावीळ उतरली, मूल घरीं आलें, बारसें झालें, कीं सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. आणि नेमकी येथेंच चूक होते. नवजात मुलांत सामान्यतः हजारीं एक ते तीन मुलांस श्रवणदोष असतो. ज्यांस जन्मानंतर अतिदक्षता विभागांत राहावें लागलें, त्यांच्यांत तेंच प्रमाण शंभरीं दोन ते चार इतकें वाढतें. कावीळ हें त्याचें एकच कारण नव्हे. प्राणवायूची कमतरता, मेंदूची जंतुबाधा, आणि प्राण वांचविण्यासाठीं द्यावीं लागणारीं जेंटामायसिनासारखीं औषधें, हींहि कानांस अपाय करतात. आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या वांट्याला यांतलीं अनेक कारणें एकदमच येतात.

थाळी वाजवून किंवा टाळी मारून केलेली घरगुती परीक्षा निरुपयोगी आहे. मूल हवेचा झोत, जमिनीचा कंप, हाताची सांवली यांनींहि दचकतें. शास्त्रीय परीक्षा दोन आहेत. डेव्हिड केम्प यांनीं १९७८ सालीं दाखवून दिलें, कीं निरोगी आंतरकर्ण स्वतःच अतिसूक्ष्म ध्वनि परत पाठवितो. त्या प्रतिध्वनीची नोंद घेणें ही पहिली परीक्षा. दुसरींत डोक्यावर लहान चकत्या लावून, कानांतून मेंदूच्या देठापर्यंत ध्वनीचा संदेश पोंचतो कीं नाहीं, हें मोजतात. मूल झोंपलेलें असतांना दोन्ही होतात. वेदना मुळींच नाहीं. पण दोहोंत फरक मोठा आहे. काविळीनें बहुधा आंतरकर्णाच्या बाह्य पेशी शाबूत राहतात आणि पुढचा मज्जामार्ग बिघडतो. दारावरची घंटा वाजते, पण निरोप माजघरांत पोंचेपर्यंत त्याचीं अक्षरें उलटसुलट होतात, तसें हें आहे. अशा मुलाची केवळ पहिली परीक्षा केली तर तें उत्तीर्ण होतें, आणि घरचे निर्धास्त होतात! या दोषाला आर्नल्ड स्टार आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं श्रवणमज्जेचा विकार म्हणून स्वतंत्र नांव दिलें. म्हणून अतिदक्षता विभागांत पांच दिवसांहून अधिक राहिलेल्या किंवा रक्त बदलावें लागलेल्या मुलाची दुसरी, मज्जामार्गाची परीक्षाच झाली पाहिजे, हें डॉक्टरांस नम्रपणें पण स्पष्टपणें विचारावें आणि त्याचा कागद जपून ठेवावा.

याबाबत एक, तीन, सहा हे आंकडे पाठ करावे. पहिल्या महिन्यांत चाळणी-परीक्षा, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपायांस आरंभ. मूल रुग्णालयांत अडकलें असेल तर तें घरीं येण्यापूर्वीं परीक्षा उरकावी. पहिल्या वेळीं उत्तीर्ण झालेल्याहि मुलाला पुढें पुन्हां दाखवावें, कारण कांहीं दोष उशिरां प्रकट होतात. उलटपक्षीं काविळीनें आलेला मज्जामार्गाचा दोष कांहीं मुलांत वर्ष-दीड वर्षांत सुधारतोहि; म्हणून तज्ज्ञ वारंवार तपासतात, श्रवणयंत्र लावून पाहतात, आणि जरूर पडल्यास शस्त्रक्रियेनें आंतरकर्णांत यंत्र बसवितात. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला. त्यांत जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा समावेश आहे. मुंबईस वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्याला वाहिलेली आहे.

आपल्या पूर्वजांनीं वेदांस ‘श्रुति’ म्हटलें आणि विद्वानाला ‘बहुश्रुत’. विद्येचा पहिला दरवाजा कान, हें त्या शब्दांतच आहे. मूल पहिल्या वर्षांत बोलत नाहीं, पण भाषा त्याच वर्षांत त्याच्या आंत उतरत असते. तो काळ गेला कीं पुढें दुप्पट श्रमानेंहि निम्मेंच साधतें. जे कान बरे होत नाहींत, त्यांच्यासाठीं खुणांची भाषा आहे आणि तीहि पूर्ण भाषाच आहे. पण तीसुद्धां लवकर सुरू झाली तरच फळते.

माझा तो विद्यार्थी पुढें यंत्र लावून शिकला, आणि आज स्वतःच्या पायांवर उभा आहे. एकदां भेटला तेव्हां मीं त्याची क्षमा मागितली. त्यानें माझ्या ओठांकडे नीट पाहिलें, हंसला, आणि वांकून नमस्कार केला. तो नमस्कार घेतांना मला फार लाज वाटली. कोणा दुसऱ्या मास्तरावर, कोणा आजोबांवर, तसा प्रसंग येऊं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.